वजनाचा पत्ता

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते आवटी सरांचं. आईवडिलांचं ऋण जन्माबरोबर येतं; ते मोजता येत नाही आणि मोजूही नये. सरांचं ऋण मात्र मी स्वतः चालत जाऊन घेतलं, आणि तेही दुसऱ्याच्या बुटांत.

ते बूट माझ्या चुलत्यांचे. चुलते फौजेत होते. नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं. मी इंजिनिअरिंगसाठी सांगलीला निघालो तेव्हा कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. कोरेगावला आमच्या वस्तीत बुद्धवंदना झाली, पेढे वाटले गेले, आणि सुट्टीवर आलेल्या चुलत्यांनी आपले काळे फौजी बूट माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "घाल. इंजिनेर होणाऱ्याच्या पायात चप्पल शोभत न्हाई." बूट मला मोठे होत होते. आईनं पुढच्या टोकात कापूस कोंबून दिला.

आमचं कॉलेज विश्रामबागेत होतं. पहिल्याच आठवड्यात आवटी सरांचा तास होता. मला पोचायला थोडा उशीर झाला. जिन्यावर माझ्या बुटांचा जो दणदणाट झाला तो ऐकून सर फळ्यापासून वळले. ठेंगणी मूर्ती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून बाहेर डोकावणारा लोखंडी आकडा.

"गाव कोणतं?"

"कोरेगाव, सर. सातारा जिल्हा."

"कोरेगाव, बूट काढ."

मला वाटलं, उशिरा आल्याची शिक्षा. मी बूट काढले. सरांनी पिशवीतून ताणकाटा काढला, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, आकड्याला बूट लटकवले आणि वर्गाला दाखवले. "पाहा. कोरेगाव पायात खलबत्ता घालून आलाय." वर्ग हसला. माझे कान तापले. तेवढ्यात सरांनी सगळ्या वर्गालाच उठवलं आणि मैदानावर नेलं.

तिथं त्यांनी मला बूट घालून मैदानाला फेरी मारायला लावली. मग एका मुलाचे कॅनव्हासचे बूट माझ्या पायात चढवले, माझे फौजी बूट नाड्यांनी बांधून माझ्या गळ्यात अडकवले, आणि पुन्हा फेरी मारायला सांगितलं. गळ्यात बूट लोंबकळत धावणारा मी काय दिसत असेन! मुलं पोट धरून हसत होती. पण परत आलो तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटत होतं. पहिल्या फेरीनं जेवढा दम लागला होता तेवढा लागला नव्हता.

"अंगावरचं वजन कमी झालं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. उलट कॅनव्हासचं वाढलं."

"मग सोपं का गेलं?"

मी धापा टाकत म्हणालो, "सर, पायात असताना बूट दर पावलाला उचलावे लागतात, पुढं फेकावे लागतात, परत थांबवावे लागतात. गळ्यात असले की नुसते बरोबर येतात."

सर एकदम उडालेच. "भाळ छलो!" असं ओरडून त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. सर जतकडचे. घरी कन्नड, बाहेर मराठी. लय चांगलं म्हणायचं असलं की त्यांची कन्नड बाहेर पडे. मग ते वर्गाकडे वळले. "लिहून घ्या. वजनाला नुसता आकडा नसतो. वजनाला पत्ता असतो. किती आहे ते नंतर विचारा, कुठं राहतं ते आधी विचारा."

वर्गाकडे परत जाताना त्यांनी माझ्या गळ्यातले बूट काढून स्वतःच्या गळ्यात घातले आणि तसेच प्राचार्यांच्या खोलीसमोरून शांतपणे चालत गेले. मग माझ्यावर हसायचं कोणाला सुचलंच नाही. तास संपल्यावर बूट परत देताना ते हळूच म्हणाले, "फौजेचा मान आहे. सणावाराला घाल. शिकायला मात्र हलक्या पायांनी येत जा."

त्या दिवसापासून मी कॉलेजभर 'कोरेगाव' झालो. सर कोणालाही नावानं हाक मारत नसत. आमच्या वर्गात एक पाटण होता, एक विटा होता, दोन तासगाव होते आणि एक बिचारा मुंबई होता. नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, पण माणूस गावानं घडवलेला असतो, असं सर म्हणत. मुलं मात्र पाठीमागं सरांना 'ताणकाटा' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

ताणकाट्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. मंडईत भाजीवालीनं तोललेली वांगी ते पुन्हा तोलत. जास्त भरली तर जास्तीचं वांगं परत करत, आणि भाजीवालीच चिडे. "अवो मास्तर, राहू द्या की! एका वांग्यानं मी काय भिकंला लागत न्हाई." प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला नाजूक तराजू होता. आलेलं प्रत्येक पत्र सर आधी त्यावर तोलत आणि मगच फोडत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "जड पत्रात माणूस सबबी सांगतो. हलक्या पत्रात काम सांगतो." आणि मग डोळे मिचकावून, "माझी बायको माहेराहून पाठवायची ती पत्रं सगळ्यांत हलकी. फक्त 'या' एवढंच असायचं."

पण सरांचं खरं प्रेम ठमीवर. ठमी म्हणजे त्यांची गाडी. पन्नास सालाच्या आसपासची, दोन दारांची, गोलमटोल विलायती गाडी. बॉनेटवरचा कंपनीचा बिल्ला कधीच गळून पडला होता, आणि सरांना त्याचं दुःख नव्हतं. "बापाचं नाव कशाला? पोरगी गुणाची आहे." रंग पिस्त्यासारखा, डोळे बेडकासारखे, आणि इंजिन एवढंसं की चढ लागला की ठमी जिना चढणाऱ्या लठ्ठ मावशीसारखी सुस्कारे टाकी. तिच्या डिकीच्या तळाला गंजून भोक पडलं होतं. सर म्हणत, "असू दे. तेवढंच वजन कमी."

कॉलेजच्या फाटकावर पोरं चिडवत, "सर, ठमी तुम्हाला फिरवती का तुम्ही ठमीला?"

"आम्ही एकमेकांना फिरवतो," सर खिडकीतून म्हणत. "तू कोणाला फिरवतोस ते सांगू का इथं मोठ्यानं?" पोरगं पसार!

ठमीच्या बाबतीत सरांचा एकच ध्यास होता. लोक म्हणत इंजिन बदला. सर म्हणत, चाकं बदला. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्याशा इंजिनाला चार जड पोलादी चाकं म्हणजे चिमणीच्या पायात घुंगरू. चाकाला दोन कामं असतात. पुढं जायचं आणि स्वतःभोवती फिरायचं. म्हणून गाडी वेग घेताना चाकाचं वजन इंजिनाला दोनदा ओढावं लागतं. त्यातही तुंब्याजवळचं, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याजवळचं, वजन कमी छळतं, कडेचं जास्त. बैलगाडीच्या चाकाला वरून जी लोखंडी धाव चढवतात, तिथलं वजन सगळ्यांत महाग. शिवाय चाक स्प्रिंगच्या खाली असतं. स्प्रिंगच्या वरचे ते पाहुणे, खालचे ते घरचे गडी, असं सर समजावत. "खड्डा आला की पहिला धक्का गड्याला. गडी अंगानं जड असला तर खड्ड्यातनं वर यायला उशीर लावतो, आणि तोवर पाहुणे आपटतात."

मग ॲल्युमिनियमची चाकं लावायची म्हणजे झालं, असं कोणी म्हटलं की मात्र सर त्याच्यावरच उलटत. "थांबा! ॲल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच जड, म्हणून चाक तिसऱ्या हिश्श्याचं होत नाही. धातू नरम आहे, जाड घ्यावा लागतो. बचत होते, पण जाहिरातीएवढी नाही." आपल्या लाडक्या कल्पनेचे दोषही ते असे कौतुकानं सांगत. आईनं पोराच्या खोड्या सांगाव्यात तसे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. सरांनी विषय लावला होता: चाकाचं वजन आणि धातू यांचा लहान जुन्या गाडीच्या कामगिरीवर होणारा परिणाम. पाटण, विटा आणि मी असा आमचा गट ठरला. विभागप्रमुखांनी विषय वाचला आणि म्हणाले, "हा सायकलच्या दुकानातला विषय आहे. फरक पडेल, पण मोजता येण्याइतका पडणार नाही. आणि मोजता आला नाही तर मी अहवालावर सही करणार नाही. मग वर्ष पुन्हा." हे ऐकून पाटण आणि विटा दुसऱ्या गटात गेले. मला म्हणाले, "गड्या, तू बी चल. सर यंदा निवृत्त होणार, ते सुटतील. तू अडकशील."

ते खोटं नव्हतं. पुण्याच्या एका कारखान्यानं मला निवडलं होतं, पण पास झालो तरच. घरी धाकटी बहीण दहावीला होती. माझं वर्ष गेलं असतं तर तिचं शिक्षण थांबलं असतं. घरात कोणी तसं म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तरी मी राहिलो. त्यात धाडस काही नव्हतं. गळ्यात बूट अडकवून मी स्वतः धावलो होतो. पायांना जे कळलं होतं ते डोक्याला नाकारता येईना.

चाकं मिळवण्यात अर्धं वर्ष गेलं. कुपवाडला सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा ओतकामाचा कारखाना होता. त्यानं साचा केला, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू ओतला, लेथवर चाकं नीट करून दिली. आम्ही ती रॉकेलमध्ये बुडवली, कोरडी पुसली आणि वरून खडूची पूड लावली. कुठं बारीक चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. पहिल्या खेपेच्या एका चाकावर केसाएवढी रेघ उमटली. सरांनी ते चाक तिथंच मोडीत काढलं. "घाटात हे चाक फुटलं तर आपला निष्कर्ष दरीत जाईल, कोरेगाव. आणि आपणही." पुन्हा ओतलं, पुन्हा तपासलं. शेवटी चारही चाकं स्वच्छ निघाली. सर एकेक चाक एका हातानं उचलत आणि लहान मुलासारखे हसत.

चाचणीसाठी साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट ठरला. पायथ्याची एक शिळा आणि वरची कमान, एवढं अंतर. नियम सरांचे. प्रत्येक मोठ्या वळणावर गाडी माणसाच्या चालीवर आणायची आणि पुन्हा वेग घ्यायचा, कारण चाकाचं जडपण वेग घेतानाच कळतं; एकसारखं चालणाऱ्या गाडीला ते फारसं जाणवत नाही. चालवणार सर. शेजारी मी, खेळाच्या मास्तरांचं स्टॉपवॉच घेऊन. पेट्रोल दर फेरीला तितकंच. टायर-ट्यूब तीच, फक्त आतलं चाक बदलायचं. सरांनी स्वतःच्या खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढून ठेवल्या.

सकाळी पोलादी चाकांवर फेऱ्या झाल्या. मग आम्ही चाकं बदलायला कोरेगावला आलो. माझा चुलतभाऊ बाळूदादा, त्याचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. त्यानं ॲल्युमिनियमचं चाक हातात घेतलं आणि उलटंपालटं केलं.

"सर, ही चाकं हायत का पापड?"

"पापड असते तर तळले असते. बसव."

"बसवतो की. पर आमच्या भावाला घेऊन जाताय, एवढं ध्यानात असू द्या म्हंजी झालं."

"तुझा भाऊ माझ्या शेजारी बसणार आहे, बाळू. पडलो तर दोघं पडू."

चाकं बसली. बाजाराच्या वजनकाट्यावर ठमीला चढवून सरांनी नवं वजन घेतलं, खूश झाले, आणि मग मी त्यांना घरी जेवायला नेलं.

माझे वडील शेती करत आणि हंगामात बाजाराच्या आवारात पोती वाहत. ते दारात उभे होते. ते काही बोलायच्या आत सरांनीच हात जोडले. "जयभीम." वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून दिसतं. "जयभीम सर, या, या," म्हणत ते मागं सरले आणि उंबऱ्यालाच अडखळले.

आईनं मटण केलं होतं. गरम भाकऱ्या एकावर एक पडत होत्या. सरांनी अर्धी भाकरी घेतली आणि ताटावर हात आडवा धरला.

"आवं सर, हे काय? एक तरी पुरी भाकरी घ्या की."

"नको वहिनी. सकाळी मी ज्या वजनाचा होतो त्याच वजनाचा घाटात गेलो पाहिजे. नाहीतर प्रयोग बिघडतो."

आईला काही कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. "कालवण तिखट झालं का रं?"

"तसं नाही आई, सरांचं वजन..."

"वजन? आवं, त्यास्नी अंग हाय कुठं!"

सर हसून हसून बेजार झाले, पण हात काही काढला नाही. वडिलांनी सरांच्या ताटाकडे पाहिलं. आमच्यात पाहुणा अर्ध्या भाकरीवर उठला तर तो घराचा कमीपणा. आणि हा तर पोराला घडवणारा पाहुणा. वडील मधेच उठून बाहेर गेले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. तसं वाटलंच होतं. पण ते नुसतं वाईट वाटून बसणारे गृहस्थ नव्हते, हे मला दुपारी कळलं.

उन्हं उतरायच्या आत आम्ही पुन्हा घाटाच्या पायथ्याशी होतो. सर उतावीळ झाले होते. त्यांच्या गणिताप्रमाणे आता ठमी सकाळपेक्षा चांगलीच लवकर वर पोचायला हवी होती. मी घड्याळ दाबलं आणि ठमी निघाली. खड्ड्यांवरून जाताना फरक लगेच जाणवला. सकाळी ती धपाधप आपटत होती, आता टुणटुण जात होती. सर ओरडले, "पाहिलंस? गडी हलका झाला!" मी कमानीखाली घड्याळ थांबवलं. सरांनी आकडा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थबकून राहिलं.

पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा तेच. ठमी सकाळपेक्षा लवकर येत होती, पण नखाएवढी. गणितात जेवढा फरक यायला हवा होता त्याच्या आसपाससुद्धा नाही.

तिसऱ्या फेरीनंतर सरांनी गाडी कमानीपाशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कासच्या पठाराकडून वारा येत होता. सरांनी माझ्या हातातलं घड्याळ घेऊन आकडा पुन्हा पाहिला.

"हा फरक चाकांचा नाही, कोरेगाव. तुझ्या अंगठ्याचा आहे, असं म्हणतील. आणि त्यांचं चुकणार नाही."

"पण सर, प्रत्येक फेरीला फरक एकाच बाजूला येतोय."

"एवढ्यावर सही होत नाही." त्यांनी सुकाणूवर हात फिरवला. "माझं राहू दे. मी उद्यापासून मंडईतली वांगी तोलत बसेन. पण मी तुझं वर्ष ताणकाट्याला लटकवलं. तुझ्या आईची भाकरीसुद्धा नाकारली."

बहिणीची पुस्तकं, वडिलांचं उंबऱ्याला अडखळणं, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. सरांपुढं डोळे भरायला नकोत म्हणून मी दार उघडून खाली उतरलो आणि मागं गेलो. तिथं डांबरावर काहीतरी पडलं होतं. फिकट दाणे, त्यांवर तांबूस पट्टे. एक इथं, दोन तिथं. घाटाच्या वळणापासून थेट ठमीपर्यंत अशी विरळ रांग लागली होती.

मी एक दाणा उचलला. कोरेगावचा माणूस तो दाणा अंधारातही ओळखेल. वाघ्या घेवडा!

"सर! सर, खाली या!"

सर आले. दाण्यांकडे पाहिलं, ठमीकडे पाहिलं. "ठमी अंडी घालायला कधीपासून लागली?"

मी डिकी उघडली. आत सुतळीनं तोंड शिवलेलं घेवड्याचं छोटं पोतं होतं. एक कोपरा घासून फाटला होता आणि तळाच्या भोकातून दाणे गळत होते. अर्ध्या भाकरीवर उठलेल्या पाहुण्याला वडिलांनी रिकामं पाठवलं नव्हतं. सांगितलं तर सर नाही म्हणतील, म्हणून सांगितलंही नव्हतं.

"सर, आमच्या वडिलांनी..." मी पोत्याकडे बोट दाखवलं. "सर, माफ करा, त्यांना प्रयोगाचं..."

पण सरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पिशवीतून ताणकाटा ओढून काढला. "धर! उचल! काठी आण कुठून तरी!" आम्ही काठीला काटा बांधला, काट्याला पोतं लटकवलं, दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली. सरांनी मान वाकडी करून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. चार चाकांत मिळून जेवढं वजन वाचलं होतं, पोतं जवळजवळ तेवढंच होतं.

सरांनी काठी सोडून दिली. पोतं माझ्या पायावर आदळलं.

"अरे कोरेगाव! बूट गळ्यात! बूट गळ्यात!"

माझ्याही डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला. सकाळी ते वजन चाकांत होतं. दुपारी तेवढंच वजन डिकीत होतं. सगळी गाडी तोलली तर वजन तेच, फार तर मूठभर दाणे इकडं की तिकडं. फक्त वजनाचा पत्ता बदलला होता. आणि तरी ठमी प्रत्येक फेरीला लवकर वर आली होती! नखाएवढी का होईना, पण तो नखाएवढा फरक निव्वळ पत्त्याचा होता. इतकी वर्षं सर जे सांगत आले होते ते इतकं वेगळं काढून दाखवणारी चाचणी त्यांना स्वतःला कधी सुचली नव्हती.

"भाळ छलो! भाळ छलो!" सर रस्त्यात अक्षरशः नाचत होते. समोरून एक एस.टी. आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून खिडकीतून विचारलं, "मास्तर, काय झालं? लॉटरी लागली काय?"

"घेवडा!" सर ओरडले. "घेवडा सापडला!"

"येडं हाय," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

आता बिनपोत्याच्या फेऱ्या बाकी होत्या. जवळच्या देवळापाशी एक आजी फुलं विकत बसल्या होत्या. आम्ही पोतं त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. "आजी, जरा सांभाळता का? आलोच आम्ही."

त्यांनी फाटक्या कोपऱ्यातून दाणा काढून पाहिला. "कोरेगावचा दिसतोय. सांभाळते की. पर संध्याकाळच्या कालवणाला मूठभर घेतला तर मला ईचारायचं न्हाई."

"आजी, तुम्ही ओंजळभर घ्या!" असं सर म्हणाले, तेही न तोलता.

आणि मग ठमी चढली! रिकाम्या डिकीनं, हलक्या पायांनी, वळणावळणाला अशी उसळून निघाली की सर प्रत्येक गियरला हसत होते. कमानीखाली मी घड्याळ थांबवलं आणि ते न बघताच सरांपुढं धरलं. सरांनी पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा पाहिलं.

"हा अंगठ्याचा नाही," ते म्हणाले.

पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी ठमीनं गणिताची लाज राखली.

आजींकडून पोतं घेतलं, आणि परत सांगलीला निघण्याआधी सरांनी गाडी पुन्हा कोरेगावला वळवली. दिवेलागणीला आमच्या दारात ठमीचा हॉर्न वाजला. वडील घाबरून बाहेर आले. त्यांना वाटलं, पोतं परत करायला आले.

"आता वाढा वहिनी," सर दारातूनच म्हणाले. "प्रयोग संपला."

त्या दिवशी सर किती भाकऱ्या जेवले ते मी सांगणार नाही. आईनं मोजू दिल्या नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक शांत स्वभावाचे होते. त्यांनी अहवाल चाळला आणि एका पानावर थांबले. विभागप्रमुख शेजारी होते. सर कोपऱ्यात बसले होते.

"एकूण वजन तेच ठेवून फक्त त्याची जागा बदलायची. ही चाचणी फार चांगली आहे. कोणी सुचवली?"

मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी, सर."

"ते इंजिनिअर आहेत का?"

"नाही सर. त्यांनी पाहुण्याला रिकामं पाठवलं नाही, एवढंच."

आवटी सरांना एकदम खोकला आला. मग मी सगळी हकीकत सांगितली. परीक्षक हसले, विभागप्रमुखही हसले, आणि हसत हसतच त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर विभागप्रमुख आवटी सरांना म्हणाले, "आवटी, तुमच्या चाकांवर माझा अजून विश्वास नाही. पण त्या पोत्यावर आहे." सर म्हणाले, "चालेल. दोन्ही एकच आहे."

मी पुण्याला रुजू झालो. पहिल्या महिन्यात मी सरांना पत्र पाठवलं. त्याची कच्ची प्रत मी सुट्टीत घरी नेली होती; ती आईनं पेटीत जपून ठेवली होती, म्हणून इथं उतरवून काढता येते.

*आदरणीय आवटी सर,*

*हे पत्र तुम्ही फोडण्याआधी तोलाल, म्हणून कागद पातळ घेतला आहे. आत घेवड्याचा एक दाणा आहे. तेवढं वजन वजा करावं.*

*मला गाड्यांच्या चाचणी विभागात घेतलं आहे. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, गाडी हलकी करायची तर सुरुवात कुठून कराल? मी म्हणालो, वजन किती आहे ते नंतर सांगा, राहतं कुठं ते आधी सांगा. त्यांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? तुमचं नाव सांगितलं.*

*बहिणीनं अकरावीला सायन्स घेतलं. चुलत्यांचे बूट मी इथं आणले आहेत. खोलीत खिळ्याला नाड्यांनी टांगून ठेवले आहेत. सर, कोरेगावहून निघालो तेव्हा मी एकटा नव्हतो. वडिलांची पोती, आईच्या भाकऱ्या, वस्तीतल्या सगळ्यांची आशा, हे सगळं पायात घेऊन निघालो होतो, आणि पाऊल उचलत नव्हतं. ते आजही तेवढंच आहे. त्यातलं काही कमी व्हावं असं मला वाटत नाही. तुम्ही फक्त ते पायातून काढून गळ्यात घातलंत. आता माझ्याबरोबर येतं.*

*आईचा निरोप आहे. दिवाळीला या, आणि ठमीनं येऊ नका, एस.टी.नं या. म्हणजे वजनाची सबब चालणार नाही.*

*आपला,*
*कोरेगाव*